लाखामागे हिवरवाडी

गारखेडा, औरंगाबाद
१० फेब्रुवारी २०१३

प्रिय अण्णा,
जयभीम.

तुमचं पाकीट मिळालं. आत पत्राचं एक पान आणि वर्तमानपत्रांची चौदा कात्रणं, सगळी खुनांची. खोलीतल्या मुलींनी ती पाहिली आणि विचारलं, हे तुला कोण पाठवतं? मी सांगितलं, माझे थोरले चुलते. त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

तुम्ही लिहिलंय की अमूनं बारावीचे पेपर द्यावेत, पण औरंगाबादच्या कॉलेजाचं नाव काढू नये, कारण इथं दिवसाआड माणूस मारतात. दादा आणि आई ऊसतोडीवरून एप्रिलात परततील, पण परतले तरी दादा म्हणणार, अण्णा म्हणतील ते. म्हणजे माझ्या बहिणीचं कॉलेज तुमच्या हातात आहे. म्हणून हे तुम्हालाच लिहिते. विहिरीचे सुरुंग लावून लावून तुमचे कान गेलेत, त्यामुळे फोनचा उपयोग नाही, आणि अमूला मधे घालून बोललं तर ती दोन्हीकडं आपल्या सोयीचं तेवढंच सांगते.

योगायोग असा की एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मी जो प्रकल्प घेतलाय तो खुनांवरच आहे. रागावू नका. संख्याशास्त्रात कुणी पाऊस मोजतं, कुणी कापूस, मी हे मोजते. नुसते खून मोजून भागत नाही, कारण माणसंही वाढत असतात. म्हणून एका वर्षात एक लाख माणसांमागे किती, असं बघायचं. त्याला दर म्हणतात. सरकारी आकडे १९५३ पासूनचे मिळतात. साठ सालानंतर देशाचा दर अडीचच्या आसपास होता. मग तो चढत गेला आणि १९९२ च्या सुमारास साडेचारच्या वर पोचला. आणि मग उतरला. वीस वर्षं हळूहळू उतरतोच आहे, आता पावणेतीनच्या जवळ आलाय. मी पाळण्यात होते तेव्हा हा देश आजच्यापेक्षा जास्त मारका होता, हे मला कागदावर दिसलं त्या दिवशी मी जेवायचं विसरले. का उतरला, ते कुणालाच धड सांगता येत नाही. सरांना विचारलं तर ते म्हणाले, तूच शोध.

तुम्ही म्हणता गाव सुरक्षित. मोजून पाहू या. हिवरवाडीची वस्ती सरासरी दोन हजार धरा. दोन हजार माणसं पन्नास वर्षं जगली म्हणजे हिशेबाला एक लाख माणसं एक वर्ष जगल्यासारखं झालं. तेव्हा गावातले पन्नास वर्षांतले खून मोजले की तो आकडा थेट देशाच्या दराशेजारी ठेवता येतो. एखादाच निघाला तर तुम्ही जिंकलात, अमू गावातच राहील. देशाइतके किंवा जास्त निघाले तर अमू इकडं येणार. पैज लावता?

मोठीआईला जयभीम.

तुमची
विशाखा


हिवरवाडी
१९ फेब्रुवारी २०१३

विशा, जयभीम.

पत्र अमूकडून दोनदा वाचून घेतलं अन् मग सोता वाचलं, कारण ती 'अमू इकडं येणार' ही ओळ लई मोठ्यानं वाचत होती.

माणसाला वर्षानं गुणायचं हे आम्हाला सातवीपर्यंत कुणी शिकवलं नाय. पण हिशेब कळला. मी हिरीला भोकं पाडायचो तवा दहा माणसं एक दिस अन् एक माणूस दहा दिस हे सारखंच धरायचो. तसंच हे.

पैज मंजूर. तूच हारशील. मला साठ वर्षं पुरी झाली, मला तर या गावात खून म्हणून आठवत नाय. भांडणात माणसं गेली तो भाग येगळा. सत्त्याऐंशी साली बांधावरून दोघा भावांचं लागलं, धाकट्याला कुऱ्हाड लागली अन् गेला. एकजण पोळ्याच्या दिशी बैल पुढं घ्यायच्या मानावरून गेला. पण ते भांडणात गेले. खून म्हंजी शहरात करतेत तो. वळख ना पाळख, येऊन मारतेत.

पाण्याचं हाल लई हायत. टँकर दिसाआड येतो. तुझी मोठीआई म्हणती, विशाला म्हणावं पाणी मोजायचं शिक, ते कामाला येईल.

सर्जेराव


गारखेडा
२६ फेब्रुवारी

प्रिय अण्णा,
जयभीम.

कुऱ्हाड लागली आणि माणूस गेला, तर तो खून. मारणारा भाऊ असला तरी आणि बांध आपला असला तरी. पोलिसांच्या दप्तरात ओळखीच्या माणसानं मारलेलाच खून जास्त असतो. वळख ना पाळख येऊन मारणारे थोडे. तेव्हा तुमचे ते दोघे धरा आणि पुढं मोजा.

आता तुमच्या कात्रणांचं ऐका. मी ती घेऊन औरंगपुऱ्यात एका वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. तिथं मुकुंदराव म्हणून जुने बातमीदार आहेत. त्यांनी टेबलावर पत्ते मांडावेत तशी ती मांडली, आणि भराभर बाजूला करायला लागले. तीन कात्रणं एकाच खुनाची निघाली, एक घडल्याची, एक आरोपी सापडल्याची, एक कोर्टातली. पाच जण तर खेड्यांतले. गावात मार लागला, जीप करून इथं घाटीच्या दवाखान्यात आणलं आणि इथं जीव गेला. बातमी दवाखान्यातून निघते म्हणून वर लिहिलेलं असतं औरंगाबाद. मुकुंदराव म्हणाले, "पोरी, अख्खा मराठवाडा मरायला आमच्या शहरात येतो, आणि बदनामी आमच्या पदरात."

त्या पाचांतला एक आपल्याच तालुक्यातला आहे, पाणंदीच्या वादातला. तुम्ही शेजारचं भांडण कापून मला शहराचं म्हणून पाठवलंत.

यातून मला नवीन प्रश्न पडला. पूर्वी कुऱ्हाड लागलेला माणूस बैलगाडीत वाटेतच जायचा. आता जीप आहे, रक्त मिळतं, तो वाचतो. म्हणजे घाव तेवढेच, खून कमी? दर उतरला तो माणसं शहाणी झाली म्हणून, की रस्ते झाले म्हणून? बघा ना तुम्ही. हिवरवाडीत कोण वाचलं तेही विचारा.

अमूचा इंग्रजीचा पेपर कसा गेला ते तिनं लिहिलं नाही. म्हणजे कळलंच.

विशाखा


हिवरवाडी
१४ मार्च

विशा, जयभीम.

मोजणी जोरात हाय. टँकरच्या रांगेत सारं गाव एका जागी सापडतं, म्हून मी तिथंच जाऊन बसतो. घागरीवर बसायचं अन् शेजारच्याला इचारायचं, तुमच्या ध्यानात गावात कोण कोण मारलं गेलं? पैल्यांदा लोकं हासली. म्हणली सर्जेराव पोलिसात भरती झाले. पण पाणी यायला येळ लागतो, अन् गप बसून माणूस कंटाळतं. एकानं एक सांगितला की दुसऱ्याला दुसरा आठवतो. आता सालावरून भांडणं लागायलीत. कोण म्हणतं भूकंपाच्या आधी, कोण म्हणतं नंतर.

भानगड एवढीच हाय, मला ऐकू येत नाय. सांगणाऱ्याला माझ्या कानात वरडावं लागतं. म्हंजी एकाला इचारलं तरी साऱ्या रांगेला कळतं.

पाच झाले. बांधावरचा, पोळ्याचा, पंचाहत्तर साली मोटेच्या पाण्यावरून एक, एक्क्याण्णवला इलेक्शनच्या भांडणात एक, अन् सत्त्याण्णवला एकानं बायकोला मारलं, जन्मठेप झाली. त्याच्यानंतर एक बी नाय. तुझ्या देशावानी आमचं गाव बी उतरलं. का म्हून इचारशील, तर ते बी मी इचारलं. बांधावरच्या भांडणातली दोन्ही घरची पोरं आता वाळूजला कंपनीत हायत. एकच खोली भाड्यानं घेतलीय. एक दिवसपाळीला अन् एक रातपाळीला. गादी एकच, पाळीपाळीनं झोपतेत. तुझ्या दादाच्या, पुंडलिकच्या मुकादमानं सोता पाह्यलं. एकाच्या बापानं दुसऱ्याच्या बापाला कुऱ्हाडीनं तोडलं, अन् पोरं एका उशीवर. भांडायला दोघं एका टायमाला जागी तर पाह्यजेत.

आता एक अडचणीचं. काल आपल्या वस्तीतल्या मालनबाईला इचारलं. ती म्हणाली, आवडाबाईला धरलं का? आवडाबाई म्हंजी गावातल्या मोठ्या घरच्या काकासाहेबाची आई. बहात्तरच्या दुष्काळात हिरीत पडून गेली असं आम्ही ऐकत आलो. मी त्या साली पैठणला धरणाच्या कामावर होतो, मला ठावं नाय. मी म्हटलं, ती तर पाय घसरून पडली, बुडून मेली. मालनबाई माझ्या कानाशी आली अन् वरडली:

"बुडून मेली असं लिवलंय. बहात्तर साली त्या हिरीत चिमणीला प्यायला पाणी नव्हतं सर्जेराव. कोरड्या हिरीत माणूस बुडतं का?"

रांग गप झाली. काकासाहेब टँकरच्या पाइपापाशीच हुबा होता, अन् त्याचे चुलते रामकिसन बी.

तुझ्या हिशेबात असं माणूस कुठं बसतं? मी तिला अर्धी धरलीय. साडेपाच.

सर्जेराव


गारखेडा
२० मार्च

प्रिय अण्णा,
जयभीम.

तुमचं पत्र मी सरांना वाचून दाखवलं. साडेपाचाला ते आधी हसले आणि मग ती ओळ त्यांनी पुन्हा वाचायला लावली.

पैज मी जिंकले, आधी ते लिहिते. लाखामागे पाच, म्हणजे देशाच्या आजच्या दरापेक्षा जास्त, आणि देश सगळ्यांत वाईट होता त्या वर्षांपेक्षाही जास्त. अर्थात एका गावावरून काही सिद्ध होत नाही, दोन हजार माणसांत एक इकडचा तिकडं झाला तरी दर हलतो. पण पैज ती पैज. अमूला सांगा.

आवडाबाईंसारखं माणूस आमच्या हिशेबात 'आकस्मिक मृत्यू' या रकान्यात बसतं. तिथं साप चावलेले असतात, वीज पडलेले असतात आणि विहिरीत पडलेल्या बाया असतात. तो रकाना मी कधी उघडूनच पाहिला नव्हता. म्हणजे १९७२ चा आकडा आपण वाचतो तो खरा कितीचा? चढ खरा होता की आधीचे खून लिहिलेच नव्हते? काल रात्रभर हेच डोक्यात होतं. मी ठरवलंय की हिवरवाडीचा वेगळा आलेख काढायचा. नोंद झालेल्या खुनाला भरीव ठिपका, न झालेल्याला पोकळ.

मालनबाईंना आणखी विचारा ना. त्यांना असे आणखी आठवत असतील, विहिरीतले, चुलीवर पेटलेले. जेवढे मिळतील तेवढे पाठवा. कोण म्हणतं गावाकडं संशोधनाला काही नाही!

विशाखा


हिवरवाडी
८ एप्रिल

विशा, जयभीम.

उशीर झाला. काम होतं. पाणी जरा लांबून आणावं लागतंय. तुझ्या मोठीआईचा हात मुरगळला, बाकी बरी हाय. अमूचे पेपर झाले. मोजणी चालू हाय. मालनबाईला आणखी इचारलं नाय.

सर्जेराव


गारखेडा
१३ एप्रिल

प्रिय अण्णा,

अमूनं शेजारच्या फोनवरून मला सगळं सांगितलं. तिच्यावर रागावू नका, मीच खोदून विचारलं.

हात मुरगळला नाही, मोडला आहे. मार्चच्या शेवटापासून टँकर वस्तीकडं येतच नाही, गावातल्या आडात रिकामा होऊन परत जातो. खेपा रामकिसन बघतात आणि त्यांचा माणूस येऊन सांगून गेला की सर्जेरावला म्हणावं मुडदे उकरायचं बंद कर, मग पाणी येईल. मोठीआई दीड कोसावरून हंडा आणताना पडली. आणि तुम्ही मला लिहिता, पाणी जरा लांबून आणावं लागतंय.

मी तुमचं मार्चचं पत्र पुन्हा काढून वाचलं. रांग गप झाली, असं तुम्ही लिहिलं होतं. ते वाचून मी सरांकडं धावले आणि तुम्हाला म्हटलं, आणखी पाठवा. काकासाहेब तिथं उभे होते हे वाचलं होतं मी. आवडाबाई त्यांची आई, हेही वाचलं होतं. माझ्या डोळ्यांपुढं ठिपका होता.

अण्णा, मोजणी थांबवा. पैज मी सोडते. अमू गावात राहिली तरी चालेल, तिथून जवळ जे कॉलेज असेल तिथं जाईल, मी पुस्तकं पाठवीन. मी सोमवारी तहसील कचेरीत टँकरसाठी अर्ज देते. मला फक्त लिहा की थांबवली.

विशाखा


हिवरवाडी
५ मे

विशा, जयभीम.

तुझा दादा अन् आई सुखरूप आले. पुंडलिक वाळलाय.

अर्ज करू नको म्हणून कळवणार होतो, तवर तू केलास. तहसीलातून माणूस आला, तवर टँकर सुरू होऊन चार दिस झाले होते. कसा झाला ते सांगतो.

गेल्या महिन्यात एके दिशी उन्हं कलल्यावर काकासाहेब आला. एकटा. आपल्या वस्तीत तो कधी येत नाय, आला तर गाडीवरून उतरत नाय. मी खाट पुढं केली, बसला नाय. दारातच हुबा. मला वाटलं, चुलत्यानं धाडलं. मग काहीतरी बोलला. मी म्हटलं, काकासाहेब, मला ऐकू येत नाय, मोठ्यानं बोला. त्यानं इकडं तिकडं पाह्यलं अन् पुन्हा बोलला. व्हट हालले तेवढे दिसले. मी कानाला हात लावून दाखवला. मग त्यानं डोळे मिटले अन् वरडला:

"माझी आय कशी मेली?"

सारी वस्ती दारात आली. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, विशा. ती गेली तवा चार वर्षांचा होता.

मी म्हटलं, मी पाह्यलं नाय. मी त्या साली पैठणला खडी फोडीत होतो. मी निसतं इचारतो अन् मोजतो. अमूला धाडून मालनबाईला बोलवून घेतलं. आली. तो तिथंच उंबऱ्यावर टेकला, ती त्याच्याजवळ भुईवर बसली, अन् सांगत ऱ्हायली. त्याला वरडून सांगायची काय गरज नव्हती. मला एक अक्षर ऐकू आलं नाय. मी निसता त्याच्या तोंडाकडं बघत होतो. मालनबाईनं मधीच त्याच्या गुडघ्यावर हात ठिवला. ती आपल्या वस्तीतली, तरी त्यानं गुडघा मागं घेतला नाय.

तो गेल्यावर अमूनं माझ्या कानात सांगितलं. आवडाबाईला दुष्काळी कामावर जायचं होतं. घरात ज्वारी सरली होती, पण मोठ्या घरच्या बाया खडी फोडायला जात नव्हत्या, कमीपणा वाटायचा. मालनबाई सोळा वर्षांची होती, रोज कामावर जायची. आवडाबाई एक दिस तोंडावर पदर घेऊन तिच्याबरूबर आली. दुसऱ्या दिशीबी आली. मजुरीची ज्वारी वटीत घेऊन घरी गेली. तिसऱ्या दिशी हिरीत सापडली. मालनबाईनं अन् आणखी दोघींनी तिला धुतली. पाण्यात पडलेल्या माणसाची कापडं कोरडी होती म्हणाली. नवऱ्यानं केलं का कुणी, ते तिनं पाह्यलं नाय. ते तिनं काकासाहेबाला बी तसंच सांगितलं, पाह्यलं नाय म्हून. नवरा तर मरून बी गेला. त्या दिशी घरात कोण होतं ते एकटे रामकिसन सांगू शकतेत, अन् ते कशाला सांगतेत.

दुसऱ्या दिशी टँकर आला. काकासाहेब डायवरच्या शेजारी बसून वस्तीत घिऊन आला, अन् पाइप धरून हुबा ऱ्हायला. तवापासून दिसाआड येतो.

मोजणी मी थांबवली नाय. पण आता रांगेत इचारीत नाय. ज्याला सांगायचं ते घरी येऊन सांगतंय. लई जण येतेत. बाया जास्त.

अमूचं काय ते मी अजून ठरवलं नाय. तू पैज सोडलीस, म्हून हारली असं मी धरीत नाय.

सर्जेराव


गारखेडा
१२ मे

प्रिय अण्णा,
जयभीम.

तुमचं पत्र मी यावेळी कुणाला दाखवलं नाही.

मी तीन महिने तुम्हाला आकड्यांनी पटवत होते की शहर वाईट नाही. आता सांगायचं तर, मला माहीत नाही. परवा वाळूजला एका कामगाराला मारलं, कंपनी सुटायच्या वेळी. आमच्या खोलीतल्या मुलीचा तो मावसभाऊ. तिची आई फोनवर रडत होती आणि मी शेजारी बसले होते, आणि मला देशाचा दर तोंडपाठ होता. एक शब्द कामाला आला नाही. दर खोटा नाही अण्णा. पण तो माणसाजवळ बसून सांगायचा नसतो, एवढं मला कळलं.

तरीही मी प्रकल्प सोडणार नाही. आपल्या मुलीबाळींना कुठं राहू द्यायचं हे लोक ऐकीव गोष्टींवर ठरवतात, आणि ऐकीव गोष्टींत मोठ्या आवाजाच्याच तेवढ्या राहतात. कुणीतरी मोजलं पाहिजे.

अमूबद्दल तुम्ही ठरवाल ते मी मान्य करीन. वाद घालणार नाही असं म्हणत नाही.

मोठीआईचं प्लास्टर कधी निघणार? आणि खरं लिहा.

विशाखा


हिवरवाडी
९ जून

विशा, जयभीम.

प्लास्टर निघालं. बोटं नीट वळत नायत. खरं लिवलंय.

अमूला अडुसष्ट टक्के पडले. इंग्रजीत कसंबसं. तिला मी धाडतोय. या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी दुपारच्या गाडीनं पुंडलिक घिऊन येईल, स्टँडवर उतरून घे.

पण एक ध्यानात ठिव. तुझा आकडा पटला म्हून धाडत नाय. आकडा पटला, ते येगळं. मी आवडाबाईचा लई इचार केला. मालनबाई म्हणती, त्या दोन दिसांत खडी फोडता फोडता आवडाबाईनं तिला इचारलं होतं, तुम्ही बाया पैठणला जाता तिथं राह्यला जागा मिळती का? मालनबाई पोर होती, ती हासली, म्हणली तुम्हाला कशाला जागा पाह्यजे, तुमचं येवढं मोठं घर. त्या बाईला त्या घराबाहेर एक खोली ठावी नव्हती. एक माणूस ठावं नव्हतं. माह्यराला दोनदा गेली तर परत आणून घातली म्हणतेत. गाव सुरक्षित हाय का शहर, हा सवालच मी चुकीचा धरला होता. पोरीला दोन जागा ठाव्या असाव्यात. एक नीट ऱ्हायली नाय तर दुसरीकडं जाता यावं. तुला तिकडं काय झालं तर तू इकडं येशील. अमूला इकडं काय झालं तर तिला जायला कुठंय? म्हून धाडतोय.

आता दुसरं. काकासाहेबाची पोरगी शिवकन्या अमूच्याच वर्गात होती. रामकिसननं तिचं लगीन जमवलं होतं, येत्या दिवाळीत. काकासाहेबानं मोडलं. काल तो पुन्हा आला, यावेळी खाटेवर बसला, अन् आल्या आल्या वरडूनच बोलला. शहाणा झालाय. म्हणला, "सर्जेराव, तुमची विशाखा राहते तिथं दोघींची सोय व्हईल का?"

मी म्हटलं, एका खोलीत?

म्हणला, एका खोलीत.

मी म्हटलं, तुमच्या घरात चालंल?

म्हणला, "मी इचारलं नाय."

मी त्याला काय बी शब्द दिला नाय. खोली तुझी हाय, तूच सांग. मला वाटतं हो म्हण. पण पोरीपाशी तिच्या आजीचा विषय तू होऊन काढू नको. ते तिच्या बापानं सांगायचं काम हाय.

सर्जेराव


गारखेडा, औरंगाबाद
१ जुलै २०१३

प्रिय अण्णा,
जयभीम.

दोघी पोचल्या. दादा आणि काकासाहेब एकाच गाडीनं आले, पण बाकं वेगवेगळी. खोलीवर चहा मात्र दोघांनी घेतला. कपात उरला तो काकासाहेब कुठं टाकतात ते मी बघत होते, खोटं कशाला सांगू. त्यांनी काही उरवलाच नाही. जाताना त्यांनी खिडकीचे गज हलवून पाहिले, दाराची कडी दोनदा लावून काढली, आणि मला म्हणाले, बाई, रात्री कडी लावत जा. तुम्हीही पहिल्या दिवशी हेच केलं होतंत.

अमूनं पोचल्या पोचल्या खिडकीजवळची जागा धरली. शिवकन्येनं आपली पेटी पलंगाखाली नीट ढकलून ठेवली, आणि मग माझ्या भिंतीवरच्या कागदांकडं बघत उभी राहिली.

"ताई, तुम्ही कशावर अभ्यास करता?"

अमूनं माझ्याकडं पाहिलं. मी तुमचं वाक्य आठवलं, होऊन विषय काढू नको. पण खोटं कसं सांगू?

"खुनांवर," मी म्हटलं. "किती होतात, कधी वाढतात, कधी कमी होतात, ते बघायचं."

ती म्हणाली, "बाबांनी गाडीत बसायच्या आधी सांगितलं मला. वावरात नेऊन. ती हीर पण दाखवली." आणि मग तिनं विचारलं, "आमच्या आजीला धरलंय का?"

मी हो म्हटलं.

"अर्धी नाही ना? अमू सांगत होती अर्धी धरतात."

अण्णा, सरांनी मागच्याच आठवड्यात सांगितलंय की मुख्य तक्त्यात तिला घेता येणार नाही, कारण कागदावर पुरावा नाही. त्यांचं बरोबर आहे. मी तिला वेगळ्या पानावर घेतलंय, गावाचं नाव न देता, आणि खाली लिहिलंय की ही नोंद कुठल्याही दप्तरात नाही, लोकांनी सांगितलेली आहे. हे सगळं मी शिवकन्येला सांगितलं, तक्ता कोणता, पान कोणतं, का वेगळं. तिला सगळं कळलं की नाही माहीत नाही. शेवटी मी म्हटलं, "अर्धी नाही. पूर्ण एक."

"बरं झालं," ती म्हणाली.

तेवढ्यात खालून कुणीतरी नळ आला म्हणून हाक मारली. इथं तिसऱ्या दिवशी येतो, पाऊण तास. अमू खिडकीजवळून हलली नाही. शिवकन्येनं दोन्ही बादल्या उचलल्या, जिना किती पायऱ्यांचा हेही न विचारता खाली गेली, आणि भरून घेऊन वर आली.

तुमची
विशाखा